फिया मान वर करत नाही

स्कोर्वा बेट
११ फेब्रुवारी १९७६

ओलाउगताई,

तू फियाची चौकशी केलीस म्हणून लिहितो. आपण होऊन कळवणार नव्हतो, कारण तुला काही कळवलं की पाठोपाठ सल्ला येतो.

फिया बरी नाही. नाताळपासून मान वर करत नाही. काहीतरी पडलंय आणि ते शोधतेय, अशी खाली बघत चालते. मानेला हात लावला की किंचाळते. मेंढ्याने ढुशी देऊन तिची बरगडी मोडली होती तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं, ती ही कुत्री. केसही राठ झालेत, झाडूसारखे. वय अवघं सहा.

शेवटी सोमवारच्या बोटीने तिला पलीकडे जनावरांच्या डॉक्टरकडे नेली. जुना डॉक्टर गेला, गेल्या वर्षापासून तिथे ब्रेक्के नावाची बाई आहे. दक्षिणेकडची, अठ्ठावीसेक वर्षांची, हात असे मऊ की पीठसुद्धा मळलं नसेल कधी. तिने मानेचा एक्स-रे फोटो काढला आणि उजेडावर धरला. मग म्हणाली, "मणक्यांवर हाड वाढलंय. कुत्र्यात मी असं पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही पाहिलंय तरी काय?"

"गाई," म्हणाली. लाज नाही.

तर आता तो फोटो राजधानीत प्रोफेसर लोकांकडे गेलाय. ते तो बघणार, चष्मे पुसणार, एकमेकांना दाखवणार, आणि तीन-चार आठवड्यांनी कळवणार. तोवर आम्ही दोघांनी थांबायचं. कुत्रीला दुखतंय हे सांगायला प्रोफेसर लागत नाही. का दुखतंय एवढंच त्यांना विचारलंय, त्यालाही महिना.

एक गंमत सांगतो. बाईने विचारलं, "खाते काय?" मागच्या वर्षी हिनेच फियाच्या कार्डावर लिहिलं होतं, 'लठ्ठ. ताटातलं देणे बंद.' माझ्या ताटात काय असावं आणि ते कुणी खावं हे ती ठरवणार. म्हणून मी सरळ सांगितलं, "पोत्यातलं खाद्य, तुम्ही लिहून दिलेलं, सकाळ-संध्याकाळ एक डबा." तिने मान डोलवून ते उतरवून घेतलं. वर म्हणाली, "छान." ते पोतं शेडमध्ये आहे आणि त्यावर उंदीर मजेत आहेत.

खरं म्हणजे फिया आता एकच गोष्ट आवडीने खाते, ती म्हणजे ताज्या कॉड माशाची कलेजी. हंगाम जोरात आहे, धक्क्यावरची माणसं मला बादली भरून देतात. मी कांदा घालून शिजवतो, जोडीला गाभोळी. मी एक घास, तिने तीन. आणि सकाळी चमचाभर माशाच्या कलेजीचं तेल तर ती पिल्लू असल्यापासून घेते. आधी तिला, मग त्याच चमच्याने मला. त्या तेलावर तर उभी आहे बिचारी.

हिल्मार


ट्रॉनहाइम
१८ फेब्रुवारी

हिल्मार,

सल्ला नको म्हणतोस आणि चार पानं लिहितोस. चार पानं माणूस सल्ल्यासाठीच लिहितो.

डॉक्टरणीला थाप मारलीस ते बरं केलंस. तीस वर्षं मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली, मला विचार. डॉक्टर लोक रोग्यांना सांगायचे, हे खाऊ नका, ते खाऊ नका, आणि माझ्याकडून पाणचट सूप पाठवायचे. रोगी वाळून जायचे. संध्याकाळी नातेवाईक डब्यातून खरं जेवण आणत, तेव्हा कुठे त्यांच्या गालावर रंग यायचा.

फियाला काय झालंय ते मी इथे बसून सांगते. गारठा. तू तिला दारापाशी निजवतोस, फटीतून वारा येतो, तो मानेत बसलाय. आपल्या आईची मान अशीच आखडायची. चुलीजवळ निजव. आणि तेल वाढव. एका चमच्याने काय होतंय? आई आपल्याला नावात 'र' असलेल्या सगळ्या महिन्यांत रोज तेल पाजायची. तू नाक दाबून रडायचास, पण तुझी हाडं बघ, सत्तराव्या वर्षीही होडी ओढतोस. तुमच्याकडचं तेल धक्क्यावर उकळलेलं, त्यात अर्धी घाण. मी सोबत औषधाच्या दुकानातलं कडक तेल पाठवतेय, दोन बाटल्या. मोठा चमचा घे. सूपचा.

प्रोफेसरांची वाट बघत हातावर हात ठेवून बसू नकोस. आणि कळव. मी काळजी करतेय असं समजू नकोस, पण कळव.

ओलाउग


स्कोर्वा
२७ फेब्रुवारी

ओलाउगताई,

बाटल्या पोचल्या. एक फुटली नव्हती, दुसरीही फुटली नव्हती, म्हणजे तुला इतक्या वर्षांनी का होईना पार्सल बांधता यायला लागलं. फिया सूपच्या चमच्याने दोनदा घेते. चुलीजवळ निजवली. मानेत वारा बसला असेल तर तो अजून उठलेला नाही.

मंगळवारी बाईचं पत्र आलं. प्रोफेसरांचं उत्तर नाही, पण हिला स्वस्थ बसवत नाही. लिहिते, 'हाडाचा कर्करोग असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आपण मनाची तयारी ठेवावी.' आपण असलं हाड पाहिलेलं नाही असं जिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, तिने शक्यता नाकारायची तरी कशी? आणि मनाची तयारी ठेवायची म्हणजे काय करायचं, ते त्या पत्रात नाही. मी शोधलं, दोन्ही बाजूंनी.

पत्र आल्यापासून मला अन्न जात नाही. माझ्या वाट्याची कलेजीही तीच खाते. खाल्ल्याशिवाय अंगात ताकद कुठून येणार? पण पुढचा डावा पाय टेकत नाही आता. बसलेली उठताना थरथरते. मी उचलून बाहेर नेतो.

धक्क्यावर सगळे डॉक्टर झालेत. एक म्हणतो पट्टा घट्ट होता. एक म्हणतो जंत. आणि कोर्नेल्युस पाइप ओढत ओढत म्हणतो, "हिल्मार, कधी येऊ ते सांग."

तुला इथून जाऊन चाळीस वर्षं झाली, विसरली असशील. आपला कुत्रा आपण मारायचा नाही, शेजाऱ्याने मारायचा, ही इथली रीत. सहा वर्षांपूर्वी कोर्नेल्युसच्या म्हाताऱ्या कुत्र्याला मीच टेकडीमागे नेलं होतं. तो घरात रेडिओ मोठा लावून बसला होता. तेव्हापासून तो माझ्यावर उपकार करायला टपलाय. शेजारी नव्हे, गिधाड.

मी त्याला म्हटलं, "तुझं तू बघ."

तो म्हणाला, "बघतोय की. तुझ्या दारातून जाताना रोज बघतोय."

हिल्मार


ट्रॉनहाइम
५ मार्च

हिल्मार,

कोर्नेल्युसला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. तो शाळेतही असाच होता. कुणाचा दात हलायला लागला की हा दोरा घेऊन हजर.

आणि तूही शाळेतला तोच आहेस. गणित सुटेना की तू पाटी पुसून मोकळा व्हायचास. आठवड्याआड शाळा, त्यात अर्धा आठवडा पाटी पुसण्यात गेला, म्हणून 'शक्यता नाकारता येत नाही' याचा अर्थ तुला 'आहेच' असा लागतो. तसा तो होत नाही. त्याचा अर्थ 'माहीत नाही' असा आहे. शिकलेले लोक 'माहीत नाही' हे दोन शब्द लिहीत नाहीत, त्याऐवजी ओळभर लिहितात.

थांब. उत्तर येऊ दे. खायला घाल, तेल चालू ठेव. बाटल्या संपत आल्या असतील, आणखी एक घेऊन पाठवते. माझा गुडघा जिना उतरू देत नाहीये, पुढच्या आठवड्यात जाईन.

ओलाउग


स्कोर्वा
१४ मार्च, रविवार

ताई,

बाटली पाठवू नकोस.

उत्तर नाही. पाच आठवडे होत आले. गुरुवारी दुकानातून बाईला फोन केला. मार्गीट काउंटरवर कोपरं टेकून ऐकत होती, तिला काही दुसरा धंदा नाही. बाई म्हणाली, "मी पुन्हा विचारलंय त्यांना. तिला खूप दुखतंय का?" मी म्हटलं, नाही.

काल तिला उचलताना ती मला चावली. जोरात नाही. मग ज्या हाताला चावली तोच चाटत बसली. मी तिच्यावर ओरडलो, आणि मग शेडमध्ये जाऊन थोडा वेळ बसलो.

मी कोर्नेल्युसला शनिवारी ये म्हणून सांगितलंय, वीस तारखेला, दुपारी बारा वाजता. त्याने पाइप तोंडातून काढला, बरं म्हणाला आणि निघून गेला. एरवी त्याची टकळी थांबत नाही.

तू पाटी पुसण्याबद्दल लिहिलंस. लिहायला सोपं आहे, तुझ्या घरात कुणी विव्हळत नाही.

शनिवारपर्यंत तिला हवं तेवढं खायला घालणार आहे. आज दोनदा कलेजी शिजवली.

हिल्मार


ट्रॉनहाइम
१९ मार्च, शुक्रवार

हिल्मार,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं, आणि हे पत्र तुला मिळेल तेव्हा शनिवार होऊन गेलेला असेल. म्हणून मी अकरा वाजता दुकानात फोन केला. मार्गीटने तुला काय सांगितलं असेल कुणास ठाऊक, तिने घातलेलं तिखटमीठ वगळून नीट वाच.

काल मी तिसरी बाटली आणायला उतरले होते. तू नको म्हणशील हे मला कुठे माहीत होतं. आमच्या खालच्या मजल्यावरचा ट्वेट औषधाच्या दुकानात असतो. म्हणाला, "बाई, एवढं तेल कुणाला?" मी म्हटलं, "भावाच्या कुत्रीला." हसला. "किती देतो?" मी म्हटलं, "सूपचा चमचा, दोनदा." अजून हसत होता. मी म्हटलं, "शिवाय कलेजी खातेच, बादलीतून." तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

मला विचारतो, "तुम्ही उत्तरेकडचे. पांढऱ्या अस्वलाची कलेजी खाता?"

मी म्हटलं, "काहीतरीच. विषारी असते ती." आपला एडविनमामा बर्फात शिकारीला जायचा, तो सांगायचा, अस्वल मारलं की आधी कलेजी काढून दगडाखाली पुरायची, नाहीतर कुत्री खातात आणि मरतात. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तर ट्वेट म्हणाला, "ते विष आणि ही बाटली, दोन्हींत एकच वस्तू आहे. बाटलीत थोडी असते म्हणून तिला जीवनसत्त्व म्हणतात." ती थोडी असते तोवर हाडं घडवते. फार झाली की हाडावर हाड चढवते, मानेपासून सुरुवात करून. मांजरांमध्ये त्याने वाचलंय. कुत्र्यांत क्वचित होतं, म्हणाला, कारण कुत्र्याला एवढं कोण घालतं.

मला रात्रभर झोप नाही, आणि सकाळी तुझं पत्र.

मी मार्गीटला म्हटलं, हिल्मारला फोनवर बोलाव. ती म्हणाली, "तो धक्क्यावर आहे, मला सांग ना काय ते." मी म्हटलं, खाजगी आहे. "मग पत्र लिही," म्हणाली. तेव्हा मी सगळं सांगितलं. मागून कॉफीच्या कपांचा आवाज येत होता, तो थांबला. त्यांनी ऐकलं. सगळ्या बेटाने ऐकलं असेल आता, आणि तू मला जन्मभर बोलशील. बोल.

कलेजी बंद कर. तेल बंद कर. आणि त्या बाईला खरं सांग. तिने बरोबर तोच प्रश्न विचारला होता, आणि आपण दोघं तिला हसलो.

मोठा चमचा घे, हे मी लिहिलं होतं. ते माझ्या लक्षात आहे.

ओलाउग


स्कोर्वा
६ एप्रिल

ओलाउगताई,

मार्गीट सांगते, तू तिला चारदा फोन केलास, म्हणजे तुला बरंचसं कळलंय. पण तिच्या तोंडून कळलेलं म्हणजे चावून दिलेला घास. माझ्याकडून ऐक.

त्या शुक्रवारी मी धक्क्यावर बादली भरून घेत होतो. मार्गीट एप्रनवरच धावत आली. तिला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. वीस पावलांवरूनच ओरडली, "हिल्मार, ती बादली ठेव. तूच तिला विष घालतोयस, तुझ्या बहिणीने सांगितलंय." चौदा माणसं होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी दोघातिघांना पाण्यात ढकललं असतं आणि बरं वाटलं असतं. उलट सगळे आपापल्या माशांकडे बघायला लागले. ज्याने ती बादली भरली होती, तो तर अगदी खाली बघत होता.

मी बादली पाण्यात ओतली आणि घरी आलो.

शनिवारी बाराला कोर्नेल्युस आला, खांद्याला बंदूक अडकवून. मी म्हटलं, "तुला कळलं नाही का?" म्हणाला, "कळलं. पण येतो म्हणालो होतो." मी त्याला आत घेतलं नाही. तो पायरीवर बसला, पाइप संपवला आणि गेला. बंदुकीत गोळी होती की नाही, मी विचारलं नाही.

सोमवारी बोटीने बाईकडे गेलो. चमचा खिशात घालून नेला, कारण किती ते तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं. ताई, त्या बोटीवर दोन तास मी तिला काय सांगायचं ते जुळवत होतो. पोतं बदललं, खाद्य खराब निघालं, शेजाऱ्यांनी चोरून घातलं. तिच्यासमोर बसलो तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही.

मी म्हटलं, "ती पोत्यातलं खात नाही. कधीच खाल्लं नाही."

तिने कार्ड काढलं. "मग?"

मी चमचा टेबलावर ठेवला. कलेजीचं सांगितलं. बादलीचं सांगितलं. तिने चमचा उचलून बघितला. "हा सूपचा आहे."

"हो."

"रोज?"

"दोनदा."

मी वाट बघत होतो की आता ही मला झापणार, मग मीही बोलायला मोकळा. दक्षिणेकडच्या लोकांबद्दल माझ्याकडे बरंच होतं. पण तिने आधीची ओळ खोडली, वर नवी लिहिली, खाली तारीख घातली. एवढंच. मग म्हणाली, "तुम्ही स्वतः किती घेता?" मी म्हटलं, तेवढंच. म्हणाली, "तुम्हीही बंद करा." ज्या बाईला शिव्या घालायला मी दीड महिना शब्द जमवले, तिने एकही वापरू दिला नाही. अशी माणसं मला आवडत नाहीत.

तुझ्या बाटल्यांबद्दल मी तिला बोललो नाही. तेल कडक होतं, ते कुठून आणलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मीच मागवलं. ती ओळ माझ्या नावावर आहे, तिकडे तू हात घालू नकोस.

प्रोफेसरांचं उत्तर पहिल्या तारखेला आलं. आठ आठवडे. कर्करोग नाही. लिहितात, 'आहाराविषयी दिलेली माहिती खरी आहे का, याची पुन्हा खात्री करावी.' राजधानीत बसून, मला न बघता, एका फोटोवरून त्यांनी मला खोटा ठरवलं. याला शिक्षण म्हणतात बहुतेक.

तर निदान हे. दुखणं कमी होईल, झालंच आहे, पाय टेकते. केस पुन्हा येतील. पण जे हाड वाढलं ते वाढलं. मानेचे मणके एकमेकांना जोडले गेलेत, ते सुटणार नाहीत. मी विचारलं, "किती जगेल?" बाई म्हणाली, "तुम्ही सांभाळलंत तर बरीच वर्षं." सांभाळलंत म्हणजे काय हे तिने स्पष्ट केलं नाही, मीही विचारलं नाही.

आता ती पोत्यातलं खाते. माझ्याकडे असं बघत खाते की, म्हणजे बघितलं असतं. तिला माझ्याकडे बघता येत नाही. माझे बूट दिसतात फक्त. बेटावरच्या सगळ्यांना ती आता बुटांवरून ओळखते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांचा तोच भाग पाहण्यासारखा आहे. पण मी घरात असताना ती खोलीभर माझ्या बुटांमागे फिरते, थांबते, परत फिरते. ते बघवत नाही. म्हणून मीच खाली पडतो. जमिनीवर आडवा, गाल फळीला टेकून. मग ती येते आणि समोर बसते, आणि बराच वेळ बघते. मीही बघतो. माझ्या पाठीचं त्यात खोबरं होतं, पण तिची मान मी वाकवलीय, माझी पाठ तिने वाकवलेली नाही.

काल मी असा पडलेला असताना कोर्नेल्युस दार न वाजवता आत आला. अशा माणसांना दारं असतात हेच माहीत नसतं.

"काय हरवलं?" म्हणाला.

मी म्हटलं, "बटण."

त्याने माझ्याकडे बघितलं, फियाकडे बघितलं. मग पाइप खिशात घातला, कण्हत कण्हत गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला शोधायला. टेबलाखाली बघतो, चुलीखाली बघतो. फिया त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याचं तोंड नीट बघून घेतलं, कपाळापासून दाढीपर्यंत. तो हलला नाही. बंदूक घेऊन आला होता तेव्हा तिला त्याचेही बूटच दिसले असणार.

अर्धा तास आम्ही दोघं जमिनीवर होतो. मग मी त्याला उठवलं, त्याने मला उठवलं. दारातून जाताना म्हणाला, "बटण असं नाहीसं होत नाही, हिल्मार. उद्या येतो परत."

इतका मठ्ठ माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. त्याच्यासाठी कॉफी जास्त आणायला हवी.

हिल्मार